न्यूट्रलमध्ये सोडलेली आणि टोचन लावून ओढलेली गाडी: गिअरबॉक्सवर नेमका काय परिणाम होतो?

कपाशीवाला (दारव्हा)

नमस्कार मंडळी. आमच्या भागात गाडी बंद पडली की ती ओढून नेण्याची सोय म्हणजे शेजारचा ट्रॅक्टर आणि एखादा दोर किंवा साखळी. मोठे गॅरेज यवतमाळला, नाहीतर थेट अमरावतीला, आणि मधल्या रस्त्यात हायड्रा (गाडी उचलणारी क्रेन) मिळाला तर मिळाला. त्यामुळे चारही चाके रस्त्यावर ठेवून, गिअर न्यूट्रलला टाकून, तीस-चाळीस किलोमीटर टोचन करून गाडी नेणे यात कोणालाच काही वावगे वाटत नाही.

गेल्या हंगामात नात्यातील एकांची ऑटोमॅटिक गाडी अशीच नेली गेली. मूळ बिघाड रेडिएटरच्या होसपाइपचा, म्हणजे किरकोळच होता. तो दुरुस्त झाला, इंजिन सुरू झाले आणि मग लक्षात आले की 'आर'मध्ये टाकूनही गाडी मागे सरकत नाही, तर 'डी'मध्ये इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. आता गिअरबॉक्स उघडावा लागेल असे सांगण्यात आले आहे. उलट, जुन्या मॅन्युअल गाड्या वर्षानुवर्षे टोचन खात आल्या आणि त्यांचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. न्यूट्रलमध्ये गिअरच लागलेला नसेल, तर आत झिजण्यासारखे फिरते तरी काय? आणि घाटात उतारावर न्यूट्रल मारणे व टोचन लावणे, या दोन्हींत इंजिन चाकांपासून सुटलेलेच असते, मग दोन्हींचे नुकसान सारखेच धरायचे का?

निवृत्त_निदेशक (वर्धा)

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना हाच विषय शिकवत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गाडी कोणतीही असो, एकच प्रश्न विचारायचा: गिअरबॉक्समध्ये जे फिरते आहे त्याच्यापर्यंत तेल कोण पोहोचवते, इंजिन की चाके? त्याच्या उत्तरावर बाकी सगळे ठरते.

न्यूट्रल म्हणजे गिअरबॉक्स थांबला, हा समज आधी बाजूला ठेवू. चाके फिरत असतील तर त्यांना कायमचा जोडलेला शाफ्ट फिरणारच. त्याला इंजिनच्या बाजूशी जोडणारी कडी तेवढी न्यूट्रलमध्ये सुटलेली असते.

मागच्या चाकांवर चालणारी, इंजिन उभे (गाडीच्या लांबीला धरून) बसवलेली मॅन्युअल गाडी घ्या. आपल्याकडच्या बहुतेक जीप आणि पिकअप याच जातीच्या. तिच्या गिअरबॉक्समध्ये तीन शाफ्ट असतात. क्लचकडून येणारा इनपुट शाफ्ट, खाली तेलात बुडालेला लेशाफ्ट आणि प्रोपेलरकडे (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याकडे) जाणारा मेनशाफ्ट. इनपुट शाफ्ट व लेशाफ्ट एकमेकांत कायमचे गुंतलेले असतात. मेनशाफ्टवरचे गिअरही लेशाफ्टशी कायम गुंतलेले असतात, मात्र सिंक्रोनायझरने (गिअर आणि शाफ्टचा वेग जुळवून त्यांना जोडणाऱ्या भागाने) पकडेपर्यंत ते मेनशाफ्टवर सुई-बेअरिंगांवर मोकळे फिरतात. या गिअरबॉक्सला तेलपंप सहसा नसतो; लेशाफ्टचे दाते तेल उडवतात आणि त्या शिंतोड्यांवरच वरच्या सगळ्या बेअरिंगांचे भागते.

आता इंजिन बंद आहे, गिअर न्यूट्रलला आहे आणि ट्रॅक्टर गाडी ओढतो आहे. चाकांमुळे मेनशाफ्ट फिरतो, पण इनपुट शाफ्ट थांबलेला, म्हणून लेशाफ्टही थांबलेला, आणि लेशाफ्ट थांबला म्हणजे तेल उडणेही थांबले. मेनशाफ्टवरचे गिअर स्थिर लेशाफ्टला अडकून उभे राहतात व त्यांच्या आतून मेनशाफ्ट गरागरा फिरतो. मधल्या सुई-बेअरिंगांना आणि मेनशाफ्टच्या टोकाशी, इनपुट शाफ्टच्या पोकळीत बसलेल्या छोट्या बेअरिंगला आधीच्या तेलाच्या पातळ थरावर निभावावे लागते. ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने आठ-दहा किलोमीटर गेलात तर तो थर बहुधा पुरतो. ताशी साठने लांबचा पल्ला मारलात तर पुरत नाही. नुकसान त्या दिवशी दिसत नाही, हीच यातली खोड आहे. काही महिन्यांनी बारीक घरघर सुरू होते आणि तेव्हा टोचनाची आठवण कोणाला नसते. 'काही झाल्याचे ऐकिवात नाही' याचे हे एक कारण असू शकते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीची, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींची, गोष्ट वेगळी आहे. त्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) एकाच घरात, एकाच तेलात असतात. डिफरन्शियलची मोठी दातेरी चकती चाकांबरोबर फिरते आणि स्वतःच तेल उडवते. इंजिन बंद असले तरी तेल हलते राहते, म्हणून ही जात टोचनाला सर्वांत सोशिक आहे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी तेलामार्फत इंजिनचा जोर पुढे देणाऱ्या) ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेल शिंतोड्यांवर चालत नाही. तेथे दाबाने तेल पुरवणारा पंप असतो आणि त्याला फिरवते इंजिन. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. ओढताना आउटपुट शाफ्ट आणि ग्रहचक्राचे (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणाऱ्या संचाचे) काही भाग फिरत राहतात, क्लचच्या चकत्या कोरड्या घासतात, बुश तापतात आणि उष्णता वाहून नेणारे तेलही जागचे हलत नाही. आपल्या नातेवाइकांच्या गाडीचे हेच झाले असावे. गिअरबॉक्सचे तेल काळे पडून त्याला जळका वास येत असेल, तर शंका उरत नाही.

उतारावर_बचत (परतवाडा)

निदेशक सरांचे टोचनाविषयीचे विवेचन पटले. घाटात न्यूट्रल मारण्याविषयी मात्र माझे मत निराळे आहे. चिखलदऱ्याहून उतरताना मी गाडी न्यूट्रलला सोडतो आणि इंजिन चालू ठेवतो, म्हणजे सरांच्याच म्हणण्याप्रमाणे लेशाफ्ट फिरत राहतो व तेलही उडत राहते. मग गिअरबॉक्सचे नुकसान कुठले? वर पेट्रोल वाचते ते वेगळेच. आमच्या वडिलांच्या काळापासून ही रीत आहे.

निवृत्त_निदेशक (वर्धा)

भाऊ, पहिला मुद्दा आपण अचूक पकडला. मॅन्युअल गाडीत, इंजिन चालू असताना आणि क्लचवर पाय नसताना न्यूट्रलमध्ये उतरले, तर निव्वळ तेलाअभावी गिअरबॉक्स खराब होण्याची भीती नगण्य आहे. टोचन आणि न्यूट्रल यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो मोठा आहे.

नुकसान होते ते पुन्हा गिअर टाकताना. इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेते आहे आणि गाडीच्या वेगाला त्या गिअरमध्ये अडीच हजार फेरे हवे आहेत. क्लच दाबून गिअर लोटला की इनपुट शाफ्ट, लेशाफ्ट आणि क्लच प्लेट यांना एका दमात त्या वेगावर आणण्याचे काम सिंक्रोनायझरच्या छोट्या कड्यांना करावे लागते. नंतर क्लच सोडताना उरलेला फरक क्लच प्लेट घासून भरून काढते. एखाद्या वेळी केले तर काही नाही. प्रत्येक वळणाआधी न्यूट्रल आणि वळणानंतर गिअर, असे घाटभर करणाऱ्यांच्या कड्या लवकर झिजतात.

याहून वाईट सवय म्हणजे गिअर तसाच ठेवून क्लच दाबून उतरणे. त्यात रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) सतत दाबाखाली फिरत राहते, आणि ते काही तेवढ्या वेळेसाठी बनवलेले नसते. गिअर पहिला असेल आणि वेग वाढला तर क्लच प्लेट इंजिनच्या कमाल फेऱ्यांपेक्षा कितीतरी जोरात फिरते; अशा वेळी तिचे अस्तर फुटून सुटू शकते. ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रल मारले तर पंप आयडलच्या गतीने, म्हणजे जेमतेम दाबाने चालतो आणि आउटपुट शाफ्ट मात्र रस्त्याच्या वेगाने फिरत असतो. त्यातून पुन्हा 'डी' लावताना क्लचच्या चकत्यांना चालत्या गाडीचा धक्का सोसावा लागतो. ऑटोमॅटिकवाल्यांनी हा प्रयोग करूच नये.

आता पेट्रोल. वडिलांच्या काळी कार्ब्युरेटर होता. गिअरमध्ये पाय उचलला तरी इंजिन पेट्रोल ओढतच राही, म्हणून तेव्हाच्या हिशेबाला आधार होता. इंजेक्शनच्या गाडीत गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि इंजिनचे फेरे आयडलच्या बरेच वर असले, तर संगणक इंजेक्टर बंदच करतो. चाके इंजिनला फुकट फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःच्या जोरावर जिवंत राहायचे असते, म्हणून छोटे पेट्रोल इंजिन तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पिते. म्हणजे तीव्र उतारावर आपण वाचवत नाही, उलट जास्तीचे जाळता. जुन्या डिझेल ट्रकमध्येसुद्धा पंपाचा गव्हर्नर पाय उचलल्यावर डिझेल तोडतो.

एक सवलत द्यायला हवी. उतार इतका सौम्य असेल की गिअरमध्ये गाडी मंदावते आणि न्यूट्रलमध्ये तशीच घरंगळत राहते, तर न्यूट्रलमध्ये पल्ला वाढतो व थोडा फायदा होऊही शकतो. चिखलदऱ्याचा घाट त्यात बसत नाही.

लाल_गाडीचा_सारथी (पुसद)

मी एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालो. गिअरबॉक्सचा विचार नंतर, आधी ब्रेकचा विचार करावा, असे मला वाटते. ज्या गिअरने घाट चढला त्याच गिअरने उतरावा, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले जायचे. इंजिन गाडीला धरून ठेवते तेव्हा ब्रेक थंड राहतो आणि गरज पडेल तेव्हा लागतो.

काही जण तर उतारावर इंजिनच बंद करतात. मोटारीत ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या निर्वातावर चालतो, डिझेलमध्ये त्यासाठी वेगळा निर्वात पंप असतो, पण तोही इंजिनच फिरवते. इंजिन बंद झाल्यावर साठलेल्या निर्वातावर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखे होते. पॉवर स्टिअरिंग जड होते. किल्ली बाहेर काढली तर स्टिअरिंग कुलूपबंदही होऊ शकते. ट्रक-बसमध्ये हवेचा कॉम्प्रेसर थांबतो आणि प्रत्येक ब्रेकला टाकीतला दाब उतरत जातो. कापसाने भरलेली ट्रॉली लावून ट्रॅक्टर न्यूट्रलला सोडणाऱ्यांना तर काय म्हणावे. ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेकच नसतात आणि मागचे सगळे वजन ट्रॅक्टरला ढकलत येते.

निवृत्त_निदेशक (वर्धा)

काकांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे आणि परतवाडा त्याच्या सुमारे सातशे मीटर खाली. माणसांसह दीड टनाची गाडी एवढी खाली येताना एक कोटी ज्यूलहून थोडी अधिक ऊर्जा सोडते. तेवढ्या उष्णतेत तीस लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. यातला काही भाग वारा आणि टायर खातात. उरलेला गिअरमध्ये असताना इंजिन बराचसा पचवते, न्यूट्रलमध्ये तो सगळा ब्रेकच्या चकत्यांवर पडतो. डॉट ३ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा १४० अंशच आहे. आपल्याकडे ब्रेक ऑइल वेळेवर बदलणारे किती, हे आपण जाणताच.

उतारावर_बचत (परतवाडा)

इंजेक्टर बंद होण्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझ्या गाडीच्या पडद्यावर क्षणोक्षणीचे मायलेज दिसते. पुढच्या वेळी तिसऱ्या गिअरमध्ये उतरताना तो आकडा पाहून येथे लिहीन. तोवर मत राखून ठेवतो.

संत्राबाग (वरूड)

माझ्याकडे सीव्हीटी (पट्टा-पुलीच्या) गिअरबॉक्सची मोटार आहे. पावसाळ्यात बागेच्या रस्त्यावरील काळ्या मातीत ती रुतते आणि गडीमाणसे ट्रॅक्टर जोडून बाहेर काढतात. एवढ्यानेही गिअरबॉक्स बिघडतो का? आणि सीव्हीटी या सगळ्यात कोठे बसते?

फिटर_पांढरकवडा

ताई, चिखलातून वीस-पन्नास मीटर ओढून काढण्याने काही होत नाही, फक्त गिअर 'एन'मध्ये असावा आणि शक्य असेल तर इंजिन चालू असावे. 'पी'मध्ये असताना कोणालाही दोर लावू देऊ नका. 'पी' म्हणजे गिअरबॉक्सच्या आत दात्यात अडकलेली एक लहानशी खिट्टी असते आणि ट्रॅक्टरच्या हिसक्यापुढे ती टिकत नाही.

खरे नुकसान ट्रॅक्टर येण्याआधीच होते. चाक रुतले की माणूस ॲक्सिलरेटर दाबत राहतो, एक चाक जागच्या जागी फिरत राहते आणि डिफरन्शियलच्या आतील छोटे गिअर कधी नव्हे इतक्या वेगाने फिरून तापतात. सीव्हीटीमध्ये लोखंडी पट्टा दोन पुल्यांच्या चिमटीत तेलाच्या दाबावर धरलेला असतो. तेल तापले आणि त्यात चाकाला अचानक कोरडी जमीन मिळाली, तर पट्टा पुलीवर घसरून ओरखडे पडतात. म्हणून दोन प्रयत्नांत गाडी निघाली नाही तर इंजिनचा जोर थांबवून ट्रॅक्टर बोलवावा.

रस्त्यावरच्या टोचनाचे म्हणाल तर सीव्हीटीचा पंपही इंजिनच फिरवते, त्यामुळे तिला टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीचाच नियम लावावा. पुढची चाके उचलून न्यावी किंवा गाडी सरळ फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या ट्रकवर) चढवावी.

कपाशीवाला (दारव्हा)

आमच्या गावात एएमटीच्या (क्लच पेडल नसलेल्या) गाड्याही बऱ्याच झाल्या आहेत. त्यांना ऑटोमॅटिक समजायचे की मॅन्युअल? आणि बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर न्यूट्रल लावायचे कसे?

फिटर_पांढरकवडा

एएमटी आतून मॅन्युअलच आहे. क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे माणसाऐवजी यंत्र करते. पुढच्या चाकांवरची एएमटी न्यूट्रलमध्ये असेल तर तेलाची चिंता मॅन्युअलइतकीच. अडचण दुसरी आहे. गाडी गिअरमध्ये असताना बॅटरी मेली तर यंत्राला गिअर काढायला वीज नसते आणि दांडी 'एन'वर नेली तरी आतला गिअर तसाच राहतो. अशी गाडी ओढली की चाके इंजिनलाच फिरवू लागतात किंवा रस्त्यावर घासत जातात. आधी दुसऱ्या बॅटरीची जोडवायर लावून स्विच चालू करावा, पडद्यावर 'एन' दिसू द्यावा, मगच दोर बांधावा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांत दांडी 'पी'मध्ये अडकली तर दांडीजवळ बहुधा एक लहान झाकण असते, त्याखालचा खटका दाबून ती सोडवता येते.

फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांनी जास्त जपावे. चारही चाके कायम जोडलेल्या गाडीची दोनच चाके उचलून ओढले तर मधला जोड भाजतो. थारसारख्या, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला) वेगळी दांडी आणि तिच्यात स्वतःचे 'एन' असलेल्या गाडीत ते 'एन' लावले की मुख्य गिअरबॉक्स चाकांपासून पूर्ण सुटतो, ही मोठी सोय आहे. पण तेव्हा हँडब्रेक किंवा दोराशिवाय गाडी उतारावर धरायला काहीच उरत नाही, हेही ध्यानात असू द्या.

समृद्धी_प्रवासी (कारंजा लाड)

इलेक्ट्रिक गाड्यांचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहितो. त्यांत मोटार चाकांना सहसा कायमची जोडलेली असते. न्यूट्रल म्हणजे केवळ वीज तोडलेली. कायमचुंबकाची मोटार बाहेरून फिरवली की ती वीज तयार करू लागते आणि तिला जायला वाट नसते. म्हणून चालती चाके जमिनीला टेकवून त्या ओढू नयेत, फ्लॅटबेडवरच न्याव्यात. पट्ट्याऐवजी दोन विद्युत मोटारी आणि ग्रहचक्र असलेल्या हायब्रिड गाड्यांनाही हेच लागू आहे.

अमेरिकेत मात्र चारही चाके रस्त्यावर ठेवून गाडी ओढण्याचा रिवाजच आहे. मोठ्या मोटरहोमच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) मागे छोटी मोटार जोडून लोक शेकडो किलोमीटर फिरतात. होंडाच्या सीआर-व्हीला २०१४ पर्यंत तेथे याची लेखी परवानगी होती, आणि तीही साध्या ऑटोमॅटिकसह: निघण्यापूर्वी इंजिन सुरू करून सगळे गिअर फिरवायचे, न्यूट्रलमध्ये तीन मिनिटे इंजिन चालवायचे आणि लांबच्या प्रवासात ठरावीक तासांनी हे पुन्हा करायचे. २०१५ मध्ये सीव्हीटी आली आणि परवानगी गेली. निदेशक सरांचा 'तेल कोण पोहोचवते' हा प्रश्न तेथील पुस्तिकांनाही लागू पडतो.

निवृत्त_निदेशक (वर्धा)

छान उदाहरण दिलेत. होंडाचे ते गिअरबॉक्स ग्रहचक्राचे नव्हते, मॅन्युअलसारख्या समांतर शाफ्टांचे होते, म्हणून ते जमले. ते पाहून इतर कोणत्याही ऑटोमॅटिकला तसे करू नये. काही युरोपीय गाड्यांच्या पुस्तिकांत ताशी ५० किलोमीटर वेग आणि ५० किलोमीटर अंतर अशी सवलत छापलेली असते, अनेकांत तीही नसते. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यातच असते, दोर बांधण्यापूर्वी ते एक पान वाचावे.

कायद्याचेही सांगून ठेवतो. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत दोन वाहनांतील मोकळे अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नसावे, ओढणाऱ्याचा वेग ताशी २४ किलोमीटरच्या पुढे जाऊ नये आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक माणूस बसलेला असावा, असे होते. २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे वाहनचालन विनियम आले. पण तो जुना वेग गिअरबॉक्सच्या दृष्टीनेही शहाणपणाचा आहे, आणि ट्रॅक्टर तसाही त्याहून फार जोरात जात नाही. आपल्याकडे गिअरबॉक्स मरतात ते बहुधा पिकअपने किंवा ट्रकने, हमरस्त्यावर, लवकर पोहोचण्याच्या घाईत ओढल्यामुळे.

कपाशीवाला (दारव्हा)

सर्वांचे आभार. आता प्रत्यक्ष कामाचा प्रश्न. मामांची मागच्या चाकांवर चालणारी मॅन्युअल जीप शेतावर उभी आहे, इंजिन जाम झाले आहे, म्हणजे ते चालू ठेवून ओढण्याचा मार्ग बंद. यवतमाळपर्यंत न्यायची आहे. हायड्राने पुढची चाके उचलून नेली तर चालेल का?

फिटर_पांढरकवडा

पुढची चाके उचलून उपयोग नाही भाऊ, कारण गिअरबॉक्सला फिरवणारी चाके मागची आहेत. मागची बाजू उचलायची असेल तर स्टिअरिंग सरळ ठेवून पट्ट्याने बांधावे लागेल, केवळ कुलपावर विसंबू नये.

माझा सल्ला प्रोपेलर काढण्याचा आहे. डिफरन्शियलकडच्या फ्लँजचे (जोडणीच्या चकतीचे) चार बोल्ट असतात. खोलण्याआधी दोन्ही फ्लँजवर मिळून एक सरळ रेघ छिन्नीने किंवा रंगाने मारून घ्या, म्हणजे बसवताना प्रोपेलर त्याच स्थितीत बसेल. नाहीतर साठच्या वेगाला गाडी थरथरू लागते. गिअरबॉक्सच्या बाजूलाही फ्लँज असेल तर तिकडचे बोल्ट काढून अख्खा प्रोपेलर गाडीत टाका. त्या बाजूला नुसता सरकता दांडा आत गेलेला असेल तर तो बाहेर काढताच मागून तेल येईल, तेव्हा तेथे पिशवी घट्ट बांधा किंवा त्या टोकाला हात न लावता प्रोपेलरचे सुटे टोक चासीला तारेने उंच बांधून टाका. एवढे केले की गिअरबॉक्समधले काहीच फिरणार नाही. फिरेल ते फक्त डिफरन्शियल, आणि ते स्वतःच्या तेलात बुडालेले असते.

हुकाची जागा पाहून घ्या. ट्रॅक्टरचा हुक उंच आणि जीपचा खाली असतो, म्हणून दोर लावण्यापेक्षा लोखंडी दांडा मिळाला तर तो लावा, म्हणजे ब्रेक मारताना जीप ट्रॅक्टरवर जाणार नाही. इंजिन बंद असल्याने ब्रेकला दोन्ही पायांचा जोर लागेल, हे आत बसणाऱ्याला आधी सांगा. इंजिनचे काम होऊन प्रोपेलर परत बसला की गिअरबॉक्सच्या बाजूचा भरण्याचा बोल्ट काढून तेल त्या भोकाच्या काठापर्यंत आहे का तेही पाहून घ्या.